गाणारा मालक

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि पाहता पाहता रंगमंच, छप्पर, खुर्च्या सारे काही जळून गेले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव त्या नाट्यगृहाला दिले होते त्या केशवरावांची जयंती होती. १९१५ साली राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू. कोल्हापूरकर रडले आणि आम्ही विदर्भातले नाटकवेडेही हळहळलो. त्या आठवड्यात आमच्या यवतमाळात दोन-तीन तरुण रंगकर्मींनी मला विचारले की, हे केशवराव नेमके कोण? मोठे गायक नट होते, एवढे त्यांना ठाऊक होते. संयुक्त मानापमानात बालगंधर्वांच्या समोर उभे राहिलेले ते, हेही त्यांनी ऐकले होते. पण वयाच्या सतराव्या वर्षी ज्याने नाटक कंपनी काढली, तेरा-चौदा वर्षे चालवली, आणि जो गेल्यानंतरही ती कंपनी पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकली, असा एक मालक त्या गायकाच्या अंगात होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

मला आज त्या मालकाविषयी लिहायचे आहे. कारण आपल्याकडे कला आणि हिशेब यांचे सोयरसुतक नसते, असे मानण्याची पद्धत आहे. कलावंत म्हटला की तो उधळा असणार, भोळा असणार, शेवटी विपन्नावस्थेत जाणार, आणि मग आपण त्याच्यासाठी निधी गोळा करणार, असे एक चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. या चित्राचे नुकसान आजही नव्या मुलांना सोसावे लागते. नाटक करायचे म्हटले की घरचे घाबरतात आणि मुलेही जमाखर्चाची वही हातात धरायला लाजतात. केशवराव भोसल्यांचे आयुष्य या समजुतीला चांगले उत्तर आहे.

केशवराव १८९० साली कोल्हापुरात जन्मले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. घरात दारिद्र्य. त्या काळात ज्या गरीब घरातल्या मुलाला गळा असे, त्याला नाटक कंपनी हा पोटाचा एक मार्ग होता. मुलाला दोन वेळचे जेवण मिळे, कपडे मिळत, आणि घरी थोडेफार पैसे जात. केशवराव अगदी बालवयात, धड अक्षरओळख नसताना, जनूभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शाळा म्हणाल तर तीच आणि घर म्हणाल तर तेच. पुढे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली शारदा या मुलाने अशी रंगवली की कंपनीचे नाव गावोगाव झाले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अजाण मुलीचे दुःख एक अजाण मुलगा गात होता आणि प्रेक्षक डोळे पुसत होते. नाट्यगृह भरत होते ते त्याच्या गळ्यावर.

या ठिकाणी जरा थांबून नाटक कंपनी म्हणजे काय होते ते पाहिले पाहिजे, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. त्या काळची कंपनी म्हणजे एक फिरते गावच होते. नट, गवई, पेटीवाले, तबलजी, पडदे ओढणारे, रंगपटवाले, कपडे सांभाळणारे, आचारी, वाढपी, आणि या सगळ्यांच्या मागे असलेली बायकापोरे. कंपनीचे बिऱ्हाड एखाद्या मोठ्या वाड्यात पडे. रोज दोन वेळा पंगत उठे. प्रयोग मात्र आठवड्यातून दोन किंवा तीन. म्हणजे खर्च सातही दिवसांचा आणि उत्पन्न दोन-तीन रात्रींचे. त्यात प्रमुख नटाचा घसा बसला, पाऊस लागला, गावात साथ आली, की तीही रात्र गेली. नटांनी पगारापोटी घेतलेली उचल, सावकाराचे व्याज, थिएटरचे भाडे, रेल्वेचे सामान-भाडे हे सगळे चालूच. ज्याला हा गाडा ओढायचा त्याला सूर जसा सांभाळावा लागे तसा मुक्कामही सांभाळावा लागे. कोणत्या गावात कधी जायचे, किती दिवस राहायचे आणि केव्हा उठायचे, हे ज्याला कळले त्याची कंपनी जगली.

आम्हा वऱ्हाडकरांना हे सांगायला नको. कापूस घरात आला, जिनिंग-प्रेसिंगचे भोंगे वाजू लागले, शेतकऱ्याच्या आणि अडत्याच्या हातात पैसा खुळखुळू लागला, की नाटक कंपन्या वऱ्हाड-खानदेशाच्या वाटेला लागत. अमरावती, अकोला ही त्यांची हमखास कमाईची गावे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली अरुंद मापाची रेल्वे, जिला आपण लाडाने शकुंतला म्हणत आलो, ती किलिक निक्सन या विलायती कंपनीने बांधली ती याच कापसासाठी. कापसाच्या गाठी ज्या पैशाने उचलल्या जात, त्याच पैशातला चार-आठ आण्यांचा वाटा नाटकाच्या तिकिटावर खर्च होई. संगीत नाटकाच्या सुवर्णकाळाबद्दल बोलताना आपण रागदारीबद्दल भरभरून बोलतो. त्या रागदारीला कपाशीच्या बोंडाचाही आधार होता, हे मात्र विसरतो.

तर १९०७ च्या अखेरीस कंपनीचा मुक्काम हुबळीस असताना केशवराव स्वदेशहितचिंतकमधून बाहेर पडले. ज्याच्या गळ्यावर कंपनी चालते त्याने नोकर का राहावे, हा प्रश्न त्या काळी अनेक नटांना पडला असेल. पण उत्तर द्यायचे धाडस सतराव्या वर्षी थोड्यांनाच होते. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीलाच त्यांनी ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली. पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, हुबळीत. यात योगायोग असेल, पण मला त्यात शहाणपणही दिसते. कर्नाटकात मराठी संगीत नाटकाला मोठा प्रेक्षक होता, आणि मातब्बर कंपन्यांच्या दारात उभे राहून पहिल्याच दिवशी त्यांच्याशी टक्कर घेण्यापेक्षा जिथे नाव आहे आणि खर्च बेताचा आहे तिथे पाय रोवणे केव्हाही बरे. आज नवे दुकान काढणाराही हेच करतो.

नव्या मालकापुढे पहिला प्रश्न नाटकांचा होता. जुनी किर्लोस्करी नाटके, म्हणजे सौभद्र, शाकुंतल, मृच्छकटिक, शारदा, ही कोणत्याही कंपनीची भाकरी होती. पदे लोकांना पाठ होती आणि गाणारा दमाचा असला की थिएटर भरत होते. पण भाकरीवर पोट भरते, नाव होत नाही. नाव व्हायचे तर स्वतःचे नाटक हवे, आणि त्या काळातले मान्यवर नाटककार बहुतेक किर्लोस्कर मंडळीशी किंवा तशाच प्रस्थापित कंपन्यांशी बांधलेले. तेव्हा केशवरावांनी दुसरीकडे पाहिले. जी माणसे अजून कोणाच्या नजरेत भरली नव्हती अशांची नाटके त्यांनी घेतली.

ही निवड पाहण्यासारखी आहे. १९१२ च्या सुमारास त्यांनी हिराबाई पेडणेकरांचे ‘दामिनी’ रंगभूमीवर आणले. हिराबाई कलावंतीण घराण्यातल्या. ज्या रंगभूमीवर स्त्रीची भूमिकादेखील पुरुष करीत होता, तिथे एका स्त्रीने लिहिलेले नाटक घेऊन उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर त्यांनी आमच्या वऱ्हाडातला लेखक उचलला. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे देशभक्तीच्या वेडाने पेटलेले गृहस्थ. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ केशवरावांनी केले आणि त्यातली मृणालिनी स्वतः रंगवली. तलवार हाती घेणारी, रडत न बसणारी ही नायिका लोकांना नवी होती. शारदेसाठी डोळे पुसणारा प्रेक्षक मृणालिनीसाठी टाळ्या वाजवू लागला. तिसरे नाव भार्गवराम विठ्ठल वरेरकरांचे, म्हणजे मामा वरेरकरांचे. टपाल खात्यात नोकरी केलेला हा कोकणी माणूस. हुंड्यावरचे त्यांचे ‘हाच मुलाचा बाप’ आणि १९१९ सालचे धर्मांतराच्या प्रश्नावरचे ‘संन्याशाचा संसार’ ही दोन्ही ललितकलादर्शची नाटके. पौराणिक आणि ऐतिहासिक कथांना सरावलेल्या संगीत रंगभूमीवर केशवरावांनी रोजच्या वर्तमानपत्रातले प्रश्न गायला लावले.

एक स्त्री, एक क्रांतिकारक वऱ्हाडी, एक टपाल खात्यातला लेखक. यात सामाजिक जाण आहे, यात शंका नाही. पण मालकाच्या नजरेने पाहिले तर यात व्यवहारही आहे. प्रसिद्ध लेखकाच्या मागे चार कंपन्या असतात. अप्रसिद्ध लेखक तुमचा होतो, तुमच्याबरोबर वाढतो, आणि त्याच्या नाटकाची दुसऱ्या कंपनीच्या प्रयोगाशी तुलना करायला प्रेक्षकाकडे काहीच नसते. वरेरकर पुढे कित्येक वर्षे ललितकलादर्शशी जोडलेले राहिले, ते उगीच नव्हे. चांगले काम आणि चांगला सौदा एकाच निर्णयात असू शकतात, हे इथे दिसते.

दुसरा प्रश्न गळ्याचा. केशवरावांचा आवाज उंच, धारदार आणि विलक्षण दमसासाचा. तो देणगीचा होता, पण देणगीवर विसंबून त्यांनी काम भागवले नाही. रामकृष्णबुवा वझ्यांसारखा कसलेला गवई त्यांना गुरू म्हणून लाभला, आणि ललितकलादर्शच्या नाटकांच्या चालीही बुवांनी बांधल्या. गुरूच कंपनीचा संगीतकार झाला, म्हणजे मालकाचे शिक्षण आणि कंपनीचा माल एकाच भट्टीत तयार होऊ लागला. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचे भांडवल वयाबरोबर आटत जाते. चेहरा राठ होतो, अंग भरते. केशवरावांनी ते वेळीच ओळखले आणि ते पुरुषभूमिकांकडे वळले. मानापमानातला धैर्यधर आणि १९२१ मधल्या यशवंतराव टिपणिसांच्या ‘शहाशिवाजी’तला शिवाजी या त्यांच्या शेवटच्या काळातल्या भूमिका. शारदेपासून शिवाजीपर्यंतचा हा प्रवास एका नटाने आपल्या मर्यादा आधीच ओळखून केलेला आहे.

तिसरी गोष्ट देखाव्याची. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री बंधू त्या काळी नाटकाचे पडदे रंगवीत. ललितकलादर्शच्या देखण्या मांडणीमागे अशाच कोल्हापुरी कुंचल्यांचा हात होता. हेच बाबूराव पुढे मूकपटांचे नामवंत दिग्दर्शक झाले. दर्शनी मखमली पडद्याचे श्रेयही केशवरावांना दिले जाते. आजच्या मुलांना मखमली पडद्याचे अप्रूप वाटणार नाही. पण गावोगाव कंदील आणि गॅसबत्त्यांच्या उजेडात राहणाऱ्या प्रेक्षकासमोर तो भारदस्त पडदा बाजूला सरत असेल, तेव्हा नाटक सुरू होण्याआधीच तिकिटाचे निम्मे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत असेल. हा खर्च उधळपट्टीचा नव्हे. जो खर्च प्रेक्षकाला दिसतो आणि जो वर्षानुवर्षे वापरता येतो तो करावा, हा त्यामागचा हिशेब आहे.

शाहू महाराजांचे प्रेम त्यांना होते, आणि ते मोलाचे होते. ज्या रंगभूमीच्या मालकीत आणि लेखनात एकाच जातीचे प्राबल्य होते, तिथे एका गरीब मराठा घरातल्या मुलाने स्वतःची कंपनी काढून ती पहिल्या रांगेत नेऊन बसवणे, याचे महत्त्व महाराजांइतके दुसऱ्या कोणाला कळणार? पण ललितकलादर्श काही दरबारी कंपनी नव्हती. तिचे पोट तिकीट काढून येणाऱ्या माणसावर होते. राजाश्रय असला की कलावंत सुस्तावतात, असे पुष्कळदा दिसते. केशवरावांचे तसे झाले नाही.

आता त्या प्रसिद्ध प्रयोगाकडे येऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. दोघे दोन बलाढ्य कंपन्यांचे मालक, दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहणारे. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला आणि एका रात्रीत सोळा हजारांवर रुपये जमले. त्या काळी हा आकडा डोळे दिपवणारा होता. कोणी जिंकले, कोणी हरले, यावर महाराष्ट्राने पुढे अनेक वर्षे वाद घातले. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. धंद्यातले प्रतिस्पर्धी एका मंचावर आले तर दोघांचाही प्रेक्षक घटत नाही, वाढतो, हे त्या रात्री सिद्ध झाले. दोघांच्या मनात देशकार्य होते हे खरेच. पण दोघांनाही आपापल्या कंपनीचे भान होते आणि तरीही ते एकत्र आले.

त्यानंतर तीन महिने झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस.

इथून पुढची हकीकत त्यांच्या चरित्रात सहसा शेवटच्या दोन ओळींत येते. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. नटमालक गेला की कंपनी संपते, हा त्या काळचा नियम होता. गळा गेला, प्रेक्षक गेला, सावकार दारात आला, पडदे-कपडे लिलावात गेले, अशा किती कंपन्या झाल्या! ललितकलादर्शचे तसे झाले नाही. केशवरावांच्या इच्छेप्रमाणे कंपनीची सूत्रे कंपनीतल्याच व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकरांकडे गेली. रक्ताचे नाते न पाहता काम ओढू शकणारा माणूस पाहिला गेला. बापूरावांनी १९२२ मध्ये वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ आणले आणि पु. श्री. काळ्यांच्या नेपथ्याने मराठी रंगभूमीला खऱ्यासारखे दिसणारे घर दाखवले. पुढे ‘तुरुंगाच्या दारात’, ‘सोन्याचा कळस’ अशी नाटके आली. अस्पृश्यता, गिरणी कामगार असे विषय आले. केशवरावांनी आखलेली वाट, म्हणजे नवा लेखक, आजचा विषय, भरपूर गाणे आणि देखणी मांडणी, बापूरावांनी सोडली नाही.

बापूराव १९३७ साली वारले. बोलपटांनी तोवर संगीत नाटकाचे कंबरडे मोडले होते आणि ललितकलादर्शचा दिवाही मंदावला. पण केशवराव गेले त्याच साली नोव्हेंबरात जन्मलेले बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी १९४० च्या दशकात कंपनी पुन्हा उभी केली. पु. भा. भाव्यांचे ‘स्वामिनी’, बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’, विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ ही त्या दुसऱ्या पर्वाची नाटके. यातले गोखले अमरावतीत जन्मलेले, भावे नागपूरचे. वामनराव जोश्यांपासून सुरू झालेले विदर्भाशी नाते असे पुन्हा जुळले. भालचंद्र पेंढारकरांनी जुन्या-नव्या नाटकांचे ध्वनिमुद्रण करून फितींचा मोठा संग्रह जपला. नाटक हवेत विरते म्हणून हात झटकून ते बसले नाहीत. ते २०१५ साली गेले.

बालगंधर्वांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहिली तर फरक कळतो. त्यांचा गळा, त्यांचा अभिनय, त्यांचे लावण्य याविषयी बोलायची माझी योग्यता नाही. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदार एकेक करून बाहेर पडले. प्रेक्षकाला अस्सल तेच द्यायचे या ध्यासापायी भरजरी वस्त्रे, उंची अत्तरे, भव्य देखावे यांवर पैसा पाण्यासारखा गेला. ‘द्रौपदी’ नाटकाच्या खर्चाचा पाऊण लाखाचा आकडा नेहमी सांगितला जातो. १९२१ च्या सुमारास कर्ज डोक्यावरून गेले तेव्हा बाळासाहेब पंडितांसारख्या माणसाने वही हाती घेतली आणि काही वर्षांत ते फेडून दाखवले. म्हणजे उत्पन्न होतेच, आणि भरपूर होते. नव्हता तो खर्चाला आवर घालणारा हात. तो हात दूर झाल्यावर पुन्हा तेच झाले. बालगंधर्वांना मराठी माणसाने देवासारखे पुजले, पण त्यांची कंपनी त्यांच्या हयातीतच संपली. हे मी त्यांच्यातली उणीव काढण्यासाठी सांगत नाही. त्यांच्या दैवी देणगीला पंडितांसारखा जोडीदार कायमचा लाभता, तर मराठी रंगभूमीचे कितीतरी भले झाले असते, एवढेच मला म्हणायचे आहे. कलावंताला स्वतः हिशेब येत असेल तर उत्तम, येत नसेल तर तो ज्याला येतो त्याला बरोबरीच्या मानाने शेजारी बसवावे.

आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गावोगाव दंडार उभी राहते. शहरात हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेसाठी जीव टाकून नाटक बसवतात. मी अशा एका संस्थेचा जमाखर्च काही वर्षे लिहिला आहे, म्हणून सांगतो. नाटक वाईट होते म्हणून संस्था बंद पडल्याची उदाहरणे मी फार पाहिली नाहीत. नेपथ्याचे पैसे कोणी दिले, परत कोणाला मिळाले नाहीत, तिकिटे किती खपली आणि पास किती वाटले, यावरून मने फाटतात आणि संस्था फुटते. पुढच्या वर्षी त्याच गावात दोन संस्था होतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी एकही राहत नाही.

याउलट फार दूर जायला नको. आपल्या पूर्वेला झाडीपट्टी आहे. वडसा हे तिचे केंद्र. धानाची कापणी झाली की तिथल्या नाटक कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत रात्र रात्र नाटक करतात. गावातले मंडळ कंपनीशी ठराव करते, मांडव घालते, तिकिटे विकते, आणि नफा-तोट्याची जबाबदारी घेते. नट ठरलेल्या मानधनावर काम करतो. त्या नाटकांच्या दर्जावर वाद घालता येईल, जरूर घालावा. पण अनुदानाची वाट न पाहता ती शेकडो माणसांची चूल पेटवते. वऱ्हाडच्या कापसावर जसे एके काळी संगीत नाटक जगले, तसे धानावर झाडीपट्टीचे नाटक आजही जगते आहे. पिकाचा पैसा केव्हा येतो हे ज्या नाटकवाल्याला कळते, तो टिकतो. केशवरावांना ते सतराव्या वर्षी कळले होते.

कोल्हापूरचे नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम सरकारने आणि लोकांनी मनावर घेतले, हे योग्यच झाले. भिंती उभ्या राहतील, मखमली पडदाही येईल. पण ज्या तरुणांनी मला केशवराव कोण असे विचारले, त्यांना मी एवढेच सांगितले की, पुढच्या नाटकाची संहिता निवडाल त्याच बैठकीत एक वही विकत आणा, आपल्यातल्या सर्वांत चोख माणसाकडे ती द्या, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या शेजारी छापा.